चार्ज निम्मा केला, मग अंतर निम्मं का झालं नाही?

मागच्या अंकात घरी करायचा एक प्रयोग दिला होता. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुपारीएवढे दोन थर्माकोलचे गोळे घ्यायचे, त्यांना पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल घट्ट लावायची, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या तंगुसाने (मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीने) दोन्ही एकाच खिळ्याला टांगायचे आणि लोकरीवर घासलेला पीव्हीसी पाइप दोघांना फिरवून फिरवून टेकवायचा. दोघांवर एकाच जातीचा चार्ज (विद्युत भार) बसतो आणि ते एकमेकांपासून लांब जाऊन तसेच तरंगत राहतात. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: बाई, मी अकरावी सायन्सला आहे. माझे गोळे मध्यापासून मध्यापर्यंत ६ सेंटीमीटर लांब गेले. मग मी तसाच तिसरा गोळा, चार्ज नसलेला, त्यातल्या एकाला टेकवून काढून घेतला, म्हणजे त्याचा चार्ज निम्मा झाला. बल चार्जच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतं म्हणजे बल निम्मं, म्हणजे अंतर ३ सेंटीमीटर व्हायला पाहिजे ना? पण पट्टीवर पावणेपाचच्या आसपास येतं, तीनदा केलं तरी तेवढंच. शिवाय मला वाटलेलं की ज्याचा चार्ज कमी तो जास्त ढकलला जाईल, पण दोघं सारखेच कललेले दिसतात. माझं काय चुकतंय? (देवगड)

उत्तर: अगं, तुझं काहीच चुकलेलं नाही, उलट तुझं पावणेपाच बघून मला इतका आनंद झाला की मी ते आकडे स्टाफरूममधे सगळ्यांना दाखवले. कारण या एका आकड्यात चार्ज आणि अंतर दोन्हींचा हिशेब आलाय.

बघ, कूलोमचा नियम काय सांगतो, दोन चार्जमधलं बल हे दोन्ही चार्जच्या गुणाकाराएवढ्या पटीत वाढतं आणि अंतराच्या वर्गाच्या पटीत कमी होतं. चार्जचा भाग सरळ आहे, एक निम्मा केलास की बल निम्मं. पण हे "अंतर तेवढंच ठेवलं तर" हं. तू अंतर धरून ठेवलं नाहीस, गोळे मोकळे टांगलेले होते. बल निम्मं झाल्याबरोबर ते एकमेकांकडे सरकायला लागले आणि जसजसे जवळ आले तसतसं बल परत वाढायला लागलं, तेही वर्गाच्या पटीत.

दुसऱ्या बाजूला त्यांना मधे ओढतंय ते त्यांचं स्वतःचं वजन. तंगूस अर्धा मीटर आणि गोळे तीन तीन सेंटीमीटरच बाजूला, म्हणजे कलणं थोडंसंच आहे, अशा वेळी मधे ओढणारं बल सरळ अंतराच्या पटीत असतं. अंतर निम्मं, ओढ निम्मी. आता समज गोळे खरंच ३ सेंटीमीटरवर आले असते तर? चार्जमुळे बल निम्मं झालेलं, पण अंतर निम्मं म्हणून ते चौपट, म्हणजे एकूण आधीच्या दुप्पट. आणि वजनामुळे मधे ओढणारं बल मात्र आधीच्या निम्मं. दुप्पट ढकलतंय, निम्मं ओढतंय, गोळे तिथे थांबतीलच कसे, लगेच परत बाहेर फेकले जातील. ते थांबतात तिथे, जिथे दोन्ही बलं जुळतात. गणित मांडलंस तर अंतराचा घन चार्जच्या गुणाकाराच्या पटीत येतो. ६ चा घन २१६, त्याचा निम्मा १०८, आणि १०८ चं घनमूळ ४.७६. तुझं पावणेपाच!

दोघं सारखेच का कलले हा प्रश्न तर दरवर्षी वर्गात येतो आणि बारावी झालेल्यांनाही तो फसवतो. वाटतं की जास्त चार्जवाला जोरात ढकलतो आणि कमी चार्जवाला हळू. पण बल एकाचं नसतंच, ते दोघांच्या मधलं असतं, सूत्रात दोन्ही चार्जचा गुणाकार आहे आणि तो गुणाकार कुठल्याही बाजूने केला तरी तेवढाच. जेटीला दोन सारख्या होड्या शेजारी शेजारी असतात, एका होडीतून तू हात लावून दुसरीला ढकललंस तर दोन्ही होड्या लांब जातात, ढकलणारा एकाच होडीत असला तरी. तसंच हे. हां, एका गोळ्याला फॉइलचे चार थर देऊन तो जड केलास तर मात्र तो कमी कलेल, बल तेच पण वजन जास्त.

तुझ्या प्रयोगावरून प्रत्यक्ष चार्ज किती होता तेही काढता येतं. माझे गोळे मी सोनाराच्या काट्यावर ठेवून बघितले होते, एकेक साधारण ०.१ ग्रॅम भरला. तुझेही तेवढेच धरले तर ६ सेंटीमीटरवर त्यांच्यातलं बल येतं ०.००००६ न्यूटन, म्हणजे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांचं वजन. त्यावरून प्रत्येकावरचा चार्ज येतो साधारण ५ नॅनोकूलोम, म्हणजे १ कूलोमचा (कूलोम हे चार्ज मोजायचं एकक) वीस कोटीवा भाग. ऐकायला काहीच नाही असं वाटतं, पण इलेक्ट्रॉन मोजायला गेलीस तर ते होतात सुमारे ३ हजार कोटी, सगळे लोकरीवरून पाइपवर आणि पाइपवरून तुझ्या फॉइलवर आलेले. एकच सांगते, तिसरा गोळा टेकवताना आधी तो गोळा तंगुसाला धरून दुसऱ्यापासून हातभर बाजूला घे, कारण शेजारचा चार्ज जवळ असला की वाटणी बरोबर निम्मी निम्मी होत नाही.

प्रश्न: बाई, आमच्याकडे गोळे हललेच नाहीत. पाइप घासून घासून हात दुखले. पुण्याला बहिणीकडे थंडीत स्वेटर काढला तरी चटचट आवाज येतो आणि इथे काहीच नाही, ह्यां कित्याक? (वेंगुर्ला)

उत्तर: ताई, तुम्ही प्रयोग ऑगस्टमधे केलात असं पत्रात पुढे लिहिलंय, तिथेच सगळं आलं. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात हवेत एवढा ओलावा असतो की प्रत्येक वस्तूवर पाण्याचा एक पातळ थर बसतो, डोळ्याला दिसत नाही पण असतो. पाइपवर, थर्माकोलवर, तंगुसावर, सगळीकडे. चार्ज त्या थरावरून सरकत सरकत निघून जातो. तुम्ही घासताय तेवढ्या वेगानेच तो गळतोय. पुण्याच्या कोरड्या थंडीत हा थर बसत नाही म्हणून स्वेटर चटचटतो.

मी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी जुलैमधे वर्गासमोर हा प्रयोग करायला गेले आणि पन्नास मुलांसमोर गोळे एकमेकांना चिकटून लोंबत राहिले. मुलं हसली याचं काही नाही, पण त्यातल्या काहींना वाटलं की नियमच पुस्तकापुरता असतो, आणि ते मला फार लागलं. त्यानंतर मी हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच करते, उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला असतो त्या दिवसांत, खिडकी बंद करून.

तुम्हाला आत्ताच करायचा असेल तर जुना पिवळा बल्ब, साठ वॅटचा, गोळ्यांच्या खाली वीतभर अंतरावर पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि पाइप हेअर ड्रायरने तापवून घ्या. आणि तंगूस नवीन घ्या! घरातल्या गरीच्या पेटीतला घेतलात तर त्यावर समुद्राचं मीठ असतं आणि पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं पाणी सोडतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तो तंगूस म्हणजे चार्जला गळायला वाटच.

ही गळती इतकी खरी गोष्ट आहे की ज्याच्या नावाने हा नियम आहे त्या कूलोमलाही तिने सोडलं नव्हतं. त्याने १७८५ साली या विषयावर जे निबंध लिहिले त्यातला एक पूर्ण निबंध दमट हवेतून आणि टांगलेल्या दोऱ्यावरून चार्ज कसा कमी होत जातो यावरच आहे.

प्रश्न: मॅडम, वर्गच का? दुप्पट अंतरावर निम्मं बल असं सरळ का नाही? आणि एवढंसं बल त्या काळात कोणी मोजलं कसं? (कणकवली)

उत्तर: आधी मोजलं कसं ते. कूलोम हा फ्रेंच सैन्यातला इंजिनियर. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची आठेक वर्षं गेली, तिथल्या हवेने तब्येतही बिघडली. सिंधुदुर्गाच्या तटाखाली उभं राहिलं की मला नेहमी वाटतं की किल्ला बांधणाऱ्या माणसाला बल म्हणजे काय हे हातानेच कळत असणार. असो. त्याने एका काचेच्या उभ्या नळकांड्यात केसासारखी बारीक चांदीची तार टांगली, तिला खाली एक आडवी काडी, काडीच्या टोकाला हलका गोळा आणि शेजारी दुसरा गोळा पक्का बसवलेला. दोघांना चार्ज दिला की काडी फिरते आणि तारेला पीळ बसतो. पीळ जेवढा, बल तेवढं. मग वरून तार आणखी पिळायची आणि गोळे बळेच जवळ आणायचे.

त्याचे आकडे असे (अंतरही तो काडी फिरण्याच्या अंशांतच मोजायचा): गोळ्यांमधलं अंतर ३६ अंश असताना पीळ ३६ अंश. अंतर १८ अंशांवर आणायला पीळ लागला १४४. म्हणजे अंतर निम्मं, बल बरोबर चौपट. तिसऱ्यांदा पीळ ५७५.५ अंश, चौपटीच्या जवळजवळ बरोबर, तेव्हा अंतर ९ यायला हवं होतं, आलं साडेआठ. त्याने साडेआठच छापलं. चार्ज गळतोय हे माहीत होतं म्हणून तिन्ही मोजमापं त्याने दोन मिनिटांत उरकली होती. प्रॅक्टिकलच्या वहीत खाडाखोड करून "बरोबर" उत्तर लिहिणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे साडेआठ दाखवते.

आता वर्ग का. दशावताराला पूर्वी गॅसबत्ती असायची, तिची आठवण काढा. बत्तीपासून एक मीटरवर एक पुठ्ठा धरला आणि त्याला वीतभर लांब वीतभर रुंद चौकोनी भोक पाडलं, तर त्यातून जाणारा उजेड दोन मीटरवरच्या पडद्यावर केवढा पडेल? दोन विती लांब आणि दोन विती रुंद. लांबीही दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणजे जागा चौपट. उजेड तेवढाच पण चौपट जागेत वाटला गेला, म्हणून पाव. तीन मीटरवर नववा भाग. चार्जचा प्रभाव असाच चारी बाजूंना पसरतो (चार्जमधून काही वाहत बाहेर येत नाही, तो मुद्दा लक्षात ठेवा, फक्त पसरण्याचा हिशेब तोच आहे). आपण राहतो त्या जागेला लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा आहेत, त्यामुळे गोलाचा पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो आणि तोच वर्ग सूत्रात खाली येऊन बसतो. पाठ करायची गोष्टच नाही ही.

याचा पडताळा तुम्हाला दुसरीकडेही मिळेल. चार्ज एका लांबच लांब तारेवर पसरलेला असेल तर त्याला फक्त बाजूंनाच पसरायला जागा असते, मग दुप्पट अंतरावर प्रभाव खरंच निम्मा होतो, तुम्ही म्हणता तसा. आणि मोठ्या सपाट पत्र्यावर असेल तर पत्र्याच्या जवळपास तो अंतराने कमीच होत नाही. म्हणजे वर्गाचा नियम हा एका जागी असलेल्या, ठिपक्यासारख्या चार्जचा आहे.

वर्गातला तो २ नक्की २ च आहे का, २.०१ तर नाही, हेही लोकांनी सोडलं नाही. इंग्लंडमधे कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने कूलोमच्या आधीच पोकळ गोलाच्या आत ठेवलेल्या दुसऱ्या गोलावर चार्ज राहतो का ते तपासलं होतं. आकडा बरोबर २ असेल तरच आतल्या गोलावर काही राहत नाही. पण त्याने ते छापलंच नाही, ते उजेडात आलं १८७९ साली, मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने त्याचे कागद प्रसिद्ध केले तेव्हा. १९७१ साली त्याच धर्तीवर केलेल्या प्रयोगात २ मधे फरक असलाच तर दशांश चिन्हानंतर पंधरा घरांच्या पुढे आहे इथपर्यंत खात्री झाली.

प्रश्न: कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलतो. दीड सेंटीमीटरवर टपाटप उचलतात, तीन सेंटीमीटरवर हलतही नाहीत. पाव बल तरी जाणवायला नको का? (गुहागर, इयत्ता आठवी)

उत्तर: छान बघितलंस! इथे कपट्यावर एकूण चार्ज नाहीच. कंगव्यामुळे कपट्यातले धन-ऋण चार्ज थोडे थोडे सरकतात, कंगव्याकडची बाजू विरुद्ध जातीची होते आणि जवळ असल्यामुळे जास्त ओढली जाते, लांबची बाजू ढकलली जाते पण थोडी कमी, आणि या दोघांतला जो फरक उरतो तेवढंच बल. कंगवा लांब नेला की ते सरकणंही कमी होतं आणि फरकही कमी होतो, दोन्हीचा फटका एकदम. चार्ज ठिपक्यासारखा आणि कपटा बारीक धरला तर दुप्पट अंतरावर बल चौथा भाग नाही, ३२ वा भाग उरतो. म्हणून "टपाटप" पासून एकदम "काहीच नाही".

प्रश्न: सूत्रातला तो स्थिरांक ९ अब्ज आहे. एवढं प्रचंड बल असेल तर आपण रस्त्यावर चालताना एकमेकांवर आपटत का नाही? आणि गुरुत्वाकर्षणाचं सूत्रही असंच दिसतं, मग फरक काय? (दापोली)

उत्तर: १ कूलोमचे दोन चार्ज १ मीटरवर ठेवता आले तर त्यांच्यातलं बल ९ अब्ज न्यूटन, म्हणजे सव्वानऊ लाख टनांच्या आसपास वजन. जांभ्याचे चिरे भरलेला दहा टनी ट्रक डोळ्यासमोर आणा आणि असे ९० हजारांहून जास्त ट्रक. पण १ कूलोम असा एका गोळ्यावर ठेवताच येत नाही, त्याच्या फार आधी हवा फुटून ठिणगी पडते. आणि आपल्या अंगात धन आणि ऋण इतके तंतोतंत सारखे असतात की बाहेरून बेरीज शून्य. गुरुत्वाकर्षणात ऋण वस्तुमान नावाची गोष्टच नाही, ते काटलं जात नाही, नुसतं साठत जातं, म्हणून भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते, चार्जने नाही. खरी ताकद बघायची तर हायड्रोजनच्या एका अणूत बघा, तिथे प्रोटॉन-इलेक्ट्रॉनमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या २ वर ३९ शून्यं एवढ्या पटीहून जास्त आहे. दोन्ही बलं अंतराच्या वर्गानेच कमी होतात, त्यामुळे अंतर कितीही घ्या, ही पट तीच राहते.

प्रश्न: बाई, आमचं घर मिठागराजवळ. पाण्यात मीठ विरघळतं आणि खोबरेल तेलात टाकलं तर खाली तसंच बसून राहतं, याचा तुमच्या चार्जशी काही संबंध आहे का असं नातू विचारतो. मला सांगता आलं नाही. (शिरोडा)

उत्तर: आजोबा, नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या, या सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडलाय. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गावातून तो यावा हे तर आणखीच छान.

मिठाच्या दाण्यात सोडियमवर धन चार्ज आणि क्लोरीनवर ऋण, दोघांवर एका इलेक्ट्रॉनएवढाच. पण अंतर बघा. एका मिलिमीटरचे ३५ लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं. चार्ज एवढासा असला तरी अंतर इतकं कमी आणि त्याचा वर्ग खाली, म्हणून पकड जबरदस्त. मीठ वितळवायला ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं ते याचमुळे.

तेच मीठ पाण्यात टाकलं की काय होतं? पाण्याच्या रेणूची एक बाजू थोडी धन आणि एक थोडी ऋण असते. हे रेणू सोडियमभोवती आपली ऋण बाजू आत करून उभे राहतात, क्लोरीनभोवती धन बाजू आत करून. त्यामुळे दोन चार्ज एकमेकांना जणू आडपडद्यातून बघतात आणि त्यांच्यातलं बल ८० पटीने कमी होतं. हवेत जी पकड ८० किलोची ती पाण्यात १ किलोची असं समजा. खोबरेल तेलात ही पट फक्त तीनच्या आसपास आहे, पकड तिसऱ्या भागावर येते, पण ती सोडवायला तेवढं पुरत नाही. एक गोष्ट मात्र नातवाला खरी खरी सांगा: सोडियम-क्लोरीन अगदी चिकटलेले असताना मधे पाणी शिरायला जागाच नसते, तिथे ८० चा आकडा तसाच्या तसा लागू होत नाही. पाण्याचे रेणू कडेच्या एकेकाला घेरून बाहेर ओढतात, आणि एकदा तो थोडा लांब गेला की मग ते ८० त्याला परत जाऊ देत नाही.

तुमच्या मिठागरात याच्या उलटं चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास असतात आणि पाण्यात मीठ मावतं लिटरला ३६० ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाणी आटून दहावा भाग उरेपर्यंत मिठाचे दाणे धरायला सुरुवात होत नाही, हे तुम्हाला अनुभवाने माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तोपर्यंत तीच माणसं दहापट लहान खोलीत कोंबल्यासारखं झालेलं असतं, सोडियम-क्लोरीनमधलं सरासरी अंतर दोन-सव्वादोन पटीने कमी, आणि वर्गाच्या नियमाने ओढ साडेचार पटीने जास्त. शिवाय इतक्या दाट खाऱ्या पाण्यात प्रत्येकाला घेरायला पाण्याचे रेणूही कमी पडायला लागतात, ८० चा आकडाही खाली येतो. मग ते परत एकमेकांना धरतात, आणि कसेही नाही, प्रत्येक धनच्या सहा बाजूंना ऋण आणि प्रत्येक ऋणच्या सहा बाजूंना धन. मार्चमधे उन्हात तयार झालेला एखादा मोठा दाणा उचलून नातवाला भिंगाखाली धरायला सांगा, कडा काटकोनात दिसतील.